कडोदऱ्याहून सापुतारा : सीमेवरच्या डोंगरात दोन दिवस

सुरतेला कापडखरेदीसाठी जाणाऱ्या गोमंतकीयांना कडोदरा ठाऊक असते ते केवळ एक चौक म्हणून. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथे सुरत-बारडोली रस्त्याला छेदतो. भोवती रंगाई-छपाईचे कारखाने, मालमोटारींच्या रांगा आणि खानदेशीपासून ओडियापर्यंत नाना बोलींचा कल्लोळ. व्यवहार आटोपून दोन दिवस हाती उरले, तर याच चौकातून पूर्वेला वळावे. सुमारे दीडशे किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी खेटून, डांग जिल्ह्यातील सापुतारा हे गिरिस्थान आहे.

वाटेत प्रथम बारडोली लागते. १९२८च्या सत्याग्रहाने वल्लभभाईंना ‘सरदार’ केले ते येथेच. पुढे उनईची उष्णोदकाची कुंडे आणि मग वघई. बिलिमोऱ्याहून वघईला येणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातला. डांगच्या सागवानासाठी तो घातला गेला. इंग्रजांनी तर १८४२ मध्येच येथील भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली होती. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीपूर्वी आहवा येथे भरणाऱ्या ‘डांग दरबारा’त सन्मानपूर्वक सालियाना दिला जातो. वघईजवळचा गिरा धबधबा पावसाळ्यात व त्यानंतर काही आठवडेच पाहण्याजोगा असतो; उन्हाळ्यात तेथे जाऊन हिरमुसण्यात अर्थ नाही.

सापुताऱ्यात तलावातील नौकाविहार, रज्जुमार्ग, सूर्यास्ताचे ठिकाण असे सारे रीतसर आहे. चालण्याची आवड असणाऱ्यांनी मात्र सकाळीच सीमा ओलांडून नाशिक जिल्ह्यातला हातगड गाठावा. चढ फारसा कठीण नाही आणि माथ्यावरून दोन्ही राज्यांचे डोंगर एकाच नजरेत येतात. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून परतले आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगल फौजेशी त्यांची लढाई झाली, तो हाच मुलूख.

येथल्या माणसांची बोली ऐकून मराठी प्रवासी गोंधळतो. अर्धे कळते, अर्धे निसटते. ‘मोडके मराठी’ असा शेराही काहीजण मारतात. ती डांगी आहे, तिचे स्वतःचे वळण आहे. ती मराठीची की गुजरातीची, हा वाद मुंबई प्रांताच्या काळात चांगलाच पेटला होता. १९४९ मध्ये बाळासाहेब खेर व मोरारजी देसाई यांच्या डांग दौऱ्यानंतर त्याला धार आली आणि १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. एखादी बोली कोणत्या भाषेच्या खात्यावर मांडायची आणि त्यावरून भूमी कोणाची ठरवायची, हा प्रश्न १९६७च्या जनमत कौलातून गेलेल्या गोमंतकीयांना नव्याने समजावण्याची गरज नाही. डांगमधील कोकणा जमात तर आपले पूर्वज कोकणातून आल्याचे परंपरेने सांगते.

गिरिस्थान वसवताना मूळच्या सापुतारा गावातील आदिवासी कुटुंबांना शेजारच्या नवागाम येथे हलवण्यात आले. तलावाकाठची हॉटेले पाहताना हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणूनच खरेदी कोणाकडून करायची, याला येथे महत्त्व आहे. तलावाजवळच्या दुकानांतील प्लॅस्टिकची खेळणी कोणत्याही शहरात मिळतात. त्याऐवजी नागलीचे, म्हणजे आपल्या नाचणीचे, पीठ, पापड व बिस्किटे घ्यावीत. बचतगटांच्या स्त्रिया ती बनवतात. २०२१ मध्ये डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून घोषित झाला, तेव्हापासून या धान्याची मागणी करणारे शहरी ग्राहकही येऊ लागले आहेत. बांबूची सुपे, टोपल्या, परड्या विणणाऱ्याकडूनच घ्याव्यात. एका टोपलीमागे बांबू तोडणे, चिरणे, तासणे आणि विणणे एवढे श्रम असतात. तेथे दहा रुपयांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. हिवाळ्यात सीमेपलीकडच्या सुरगाणा भागातील स्ट्रॉबेरी रस्त्याकडेला विकायला येते. ती मात्र परतीच्या दिवशीच घ्यावी, घाटातल्या वळणांत तिचा लगदा होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटावर दाट धुके उतरते, तेव्हा अंधारापूर्वी पोहोचणे बरे. आणि गोव्याहून निघणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गुजरातेत दारूबंदी आहे. सामान बांधतानाच ते तपासून घ्यावे.