फळीवरची पुस्तके आणि गहाळ पाने

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारले होते, "सर, घरात पुस्तके ठेवायची तर कोणती ठेवावीत? उपयोगाची की मुलांच्या गोष्टींची?" प्रश्न साधा वाटला, पण घरी जाताना तो डोक्यातून जाईना. म्हणून आज त्यावरच बोलू.

आमच्या लहानपणी भवानीनगरला पुस्तकांचे कपाट वगैरे काही नव्हते. कारखान्याचा भोंगा हेच घड्याळ, आणि भिंतीतली एक फळी हीच लायब्ररी. तिच्यावर पंचांग, उसाच्या लागवडीची एक माहितीपुस्तिका, आणि 'श्यामची आई'ची एक जुनी प्रत. ती प्रत छत्तिसाव्या रात्रीपाशी संपायची. पुढची पाने गहाळ होती. आता ही गहाळ पाने लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आधी उपयोगाच्या पुस्तकांचे पाहू. मराठी घरात या जातीचे सर्वांत ओळखीचे पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा', १९७० सालचे. त्याच्याही पुष्कळ आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले होते. पण 'रुचिरा' घराघरांत गेले, कारण तिथले माप वाटी-चमच्याचे आहे. ज्या मुलीजवळ सासू किंवा आई नाही, तिला कोणी तरी 'अमुक वाट्या, तमुक चमचे' असे सांगणारे हवेच होते. कमलाबाईंना लाखभर सुनांची सासू म्हणत, ते उगीच नाही.

तरी बघा, कुठलेही पाककृतीचे पुस्तक उघडा, शेवटी एक ओळ सापडतेच: चवीपुरते मीठ. म्हणजे सगळी मापे देऊन झाल्यावर पुस्तक तुमच्या जिभेवर येऊन थांबते. पुढचे तुमचे तुम्ही पाहा!

गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ सालच्या आपल्या ग्रंथात 'एखादी गोष्ट माहीत असणे' आणि 'ती करता येणे' यांत फरक केला. त्यासाठी त्याला बरीच पाने लागली. आपल्याकडे हा फरक क्रियापदातच आहे. पोहण्याविषयी खूप 'माहीत' असलेला माणूस नीरा डाव्या कालव्यात उतरला तर काय होईल ते सांगायला नको. पोहता 'यावे' लागते.

पण म्हणून मार्गदर्शक पुस्तकाला कमी लेखू नका. निवृत्तीनंतर आम्ही एकरभर आडसाली ऊस केला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' समोर ठेवली. नत्र ४००, स्फुरद १७०, पालाश १७० किलो. तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आम्ही, आकडे वहीत उतरवले आणि दुकानात गेलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे धरले, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या एकोणीस गोण्या वर्षभरात. दुकानदार म्हणाला, "सर, क्षेत्र किती?" म्हटले, एक एकर. तो हसलाच. शिफारस हेक्टरी होती, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. आठच गोण्या पुरणार होत्या. नत्र असे बेसुमार पडले की ऊस माजतो, लोळतो, उतारा घटतो. आता त्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे: "हेक्टरी! एकरी नाही." उपयोगाच्या पुस्तकात असे लिहावेच. कोरे राहिलेले मार्गदर्शक पुस्तक वापरलेलेच नाही असे खुशाल समजा.

तर एका शब्दाची चूक अशी महागात जाते. मग गोष्टीच्या पुस्तकातले पानच्या पान गेले तर?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, बेचाळीस रात्रींची. शेवटाकडे आई जाते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला नव्हते. आमची आई निरक्षर. आम्ही भावंडे वाचायचो, ती ऐकायची. छत्तीस रात्री संपल्या की आम्ही विचारायचो, "पुढं काय झालं गं?" ती म्हणायची, "मग औषध लागू पडलं. श्याम मोठा झाला, आईला घेऊन गेला." बारामतीला कॉलेजात गेल्यावर लायब्ररीत पूर्ण प्रत मिळाली, तेव्हा कळले. राग आला, खरेच आला. घरी येऊन म्हटले, तू खोटे सांगितलेस. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. अत्र्यांचा सिनेमा बघितला होता मी." ज्या वर्षी आम्ही ते पुस्तक वाचत होतो, त्या वर्षी ती स्वतः अंथरुणाला खिळलेली होती. पुढे ती पुष्कळ वर्षे जगली, म्हणून हे आज असे सहज सांगता येते.

तिने केले ते बरोबर की चूक? वर्गात आम्ही सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर कान्ट शिकवला, पण या प्रश्नाचे उत्तर काही दिले नाही. एवढे मात्र म्हणू, की खताच्या पुस्तिकेचे पान असे कोणी मनाने भरले तर तो गुन्हा. गोष्टीचे पान तिने भरले, कारण समोर कोण ऐकते आहे ते तिला दिसत होते. चवीपुरते मीठ, ते हेच.

आणि जुन्यांनी या दोन फळ्या वेगळ्या ठेवल्याच नव्हत्या. पंचतंत्र काय आहे? राजाच्या मंद मुलांना विष्णुशर्मा सहा महिन्यांत राजनीती शिकवणार. म्हणजे ते व्यवहाराचे पुस्तकच. पण नियम पाठ करून घेण्याऐवजी त्याने सिंह, बैल, कोल्हे आणले. कारण मित्र कोण, हे हेक्टरी आकड्याने सांगता येत नाही.

तेव्हा बाई, दोन्ही ठेवा, एकाच फळीवर, आणि ती फळी मुलांच्या हाताला येईल एवढी खाली. काचेच्या कपाटाला कुलूप लावून ठेवू नका.

गेल्या दिवाळीत नात आमच्याकडे आली होती. नव्या प्रतीत तिने छत्तिसावी रात्र संपवली आणि मान वर करून विचारले, "आजोबा, पुढं काय होतं?" आईचे उत्तर ओठांवर आले होते. मग पुस्तक तिच्याच हातात राहू दिले आणि ती वाचेपर्यंत शेजारी बसून राहिलो.