घर गेले, कर्ज उरले

युरोपातील काटकसरविरोधी आंदोलने म्हटली की अथेन्समधला अश्रुधूर किंवा २०११ च्या मे महिन्यात माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात पडलेले तंबू आठवतात. शब्दकोश उशाशी ठेवून स्पॅनिश वाचू लागल्यापासून माझे लक्ष मात्र चौकापेक्षा बँकेच्या शाखांकडे अधिक गेले.

स्पेनचा तारणकर्जाचा कायदा १९४६ चा. हप्ते थकले की घर लिलावात जाई. बोली लावायला कोणी आलेच नाही, तर बँक ते स्वतःच निम्म्या किमतीत घेऊ शके. (ही मर्यादा २०११ मध्ये ६० टक्के आणि २०१३ मध्ये ७० टक्के झाली.) समजा, घराची किंमत दोन लाख युरो आणि कर्ज एक लाख ऐंशी हजार. बँकेने घर एक लाखाला घेतले, तर उरलेले ऐंशी हजार, वर व्याज आणि कोर्टखर्च, हे सारे बेघर झालेल्याच्याच मानगुटीवर! २०१३ च्या आरंभी तिथली बेकारी २७ टक्क्यांवर होती. हप्ते थकणारे लोक उधळे नव्हते, त्यांचे काम गेले होते. दुसरीकडे, सात बचत बँका एकत्र करून उभारलेली 'बांकिया' २०१२ मध्ये बुडू लागली, तेव्हा तिच्यात सरकारने २२ अब्ज युरोंहून अधिक पैसा ओतला. बँकेचे देणे जनतेने वाटून घ्यायचे आणि माणसाचे देणे त्याने एकट्याने फेडायचे, हा न्याय लोकांना झोंबला.

बार्सिलोनात २००९ मध्ये 'पाह' ही तारणकर्ज-पीडितांची संघटना निघाली. तिच्या साप्ताहिक सभेत येणारा नवा माणूस बहुधा मान खाली घालून येई. आपलेच काही चुकले, ही लाज. शेजारच्या खुर्चीवरच्याची कहाणीही तीच आहे हे कळले की ती लाज ओसरे. माझ्या मते या आंदोलनाचे खरे बळ तिथे आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ला बिस्बाल देल पेनेदेस या गावी एका घराच्या दाराशी उभे राहून त्यांनी पहिली जप्ती परतवली. पुढे ते शाखांत ठिय्या देऊ लागले. काचांवर कागद चिकटवायचे, घोषणा द्यायच्या. मागणी एकच : घर घ्या आणि कर्ज मिटवा. समोरच्या व्यवस्थापकाला तो अधिकार नसे. पण दिवसभर शाखेचे काम अडले की वरून फोन येण्याची शक्यता वाढे.

आपल्या 'धरणे' शब्दाचा जुना अर्थ मोल्सवर्थच्या कोशात सापडतो : वसुलीसाठी सावकाराने ऋणकोच्या दारी अडून बसणे. स्पेनमध्ये ऋणकोच सावकाराच्या दारी बसला.

कायदा बदलण्यासाठी सुमारे १४ लाख सह्या संसदेपुढे गेल्या. मे २०१३ मध्ये नवा कायदा आला, पण घर देऊन कर्जमुक्त होण्याचा सरसकट हक्क त्यात नव्हता. त्याआधी, मार्चमध्ये, युरोपीय न्यायालयाने मात्र एका साध्या कर्जदाराच्या दाव्यात स्पेनची जप्तीची पद्धत ग्राहकहिताच्या नियमांत बसत नाही असा निकाल दिला होता. कर्जकरारातील अटी अन्यायकारक आहेत का, हे तपासले जाईपर्यंत जप्ती थांबवण्याची सोयच तीत नव्हती. 'पाह'च्या एक संस्थापक आदा कोलाऊ २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या महापौर झाल्या.

तोवर घराबाहेर काढले जाणाऱ्यांत कर्जदारांपेक्षा भाडेकरूंची संख्या वाढली होती. २०१३ मध्येच माद्रिद महापालिकेने आपली १,८६० घरे ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली होती. त्यांतले भाडेकरू आता कोणाच्या दारी बसणार?