कीचकवध ते युगान्त : महाभारताच्या मराठी पुनर्लेखनाची साठ वर्षे

एखादी साहित्यकृती आधीच्या कृतीतील कथा, पात्रे वा विचार उचलते, त्यांना नवे वळण देते किंवा त्यांच्याशी वाद घालते, तेव्हा त्या दोन संहितांमध्ये जुळणाऱ्या नात्याला समीक्षेत आंतरसंहितात्मकता म्हणतात. ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असली तरी तिच्यामागील व्यवहार मराठीला नवा नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर १२९० मध्ये सुमारे ९००० ओव्यांची ज्ञानेश्वरी उभी राहिली, आणि पुढे श्रीधरांचा पांडवप्रताप व मोरोपंतांचे आर्याभारत यांच्याद्वारे महाभारत मराठी घरांत पोहोचले. मात्र मूळ कथेचा उपयोग आपल्या काळाचे प्रश्न मांडण्यासाठी कसा झाला, हे पाहण्यास १९०७ ते १९६७ हा कालखंड विशेष उपयोगी आहे.

१९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कीचकवध’ या नाटकात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी विराटपर्वातील कथा घेतली. विराटाच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहणारी द्रौपदी, तिच्यावर हात टाकणारा कीचक, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर आणि तत्काळ प्रतिकारास सिद्ध झालेला भीम यांत प्रेक्षकांनी अनुक्रमे पारतंत्र्यातील भारत, लॉर्ड कर्झन, मवाळ आणि जहाल पाहिले. अशा रचनेला, म्हणजे एक कथा सांगत असता तिच्या आडून दुसरीच कथा सुचवणाऱ्या रचनेला, रूपक म्हणतात. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेस काँग्रेस दुभंगली, त्यामुळे युधिष्ठिर-भीमाच्या मतभेदाला अधिकच धार आली, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. येथे पुराणकथा सर्वांच्या ओळखीची होती म्हणूनच सूचित अर्थ न सांगता कळला.

अर्धशतकानंतर हा भर राजकारणाकडून व्यक्तिमनाकडे सरकला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू प्रथमपुरुषी निवेदनातून मांडतात. शिवाय आदिपर्वात विद्या घेऊन निघून गेलेल्या कचाला लेखकाने कथेत परत आणून संयमाचा प्रतिनिधी केले आहे. भोगलालसेची जुनी कथा अशा रीतीने आधुनिक माणसाच्या अतृप्तीची कथा झाली, आणि ती सांगताना खांडेकरांनी मुळाला आपल्या हेतूप्रमाणे वाकवले.

याच काळात मूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पुण्यात शास्त्रशुद्ध रीतीने तपासला जात होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९२५ पासून वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली आकारास आलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. अनेक प्रांतांतील हस्तलिखिते ताडून तिच्यात जुना पाठ निश्चित करण्यात आला, आणि प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर, टीपांत व परिशिष्टांत ठेवण्यात आला. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, हा सर्वतोमुखी असलेला प्रसंगही त्यामुळे मुख्य संहितेबाहेर गेला.

१९६७ मध्ये या दोन्ही प्रवाहांची फळे एकाच वेळी दिसली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक असून त्या सर्वांच्या कथनातून उपेक्षित कर्ण नायकपदी बसतो. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने मात्र चिकित्सित आवृत्तीचा आधार घेऊन व्यक्तिरेखांची झाडाझडती घेतली आणि खांडववन जाळण्याच्या कृत्याबद्दल कृष्णार्जुनांनाही जाब विचारला. द्रौपदीवरील लेखात बाई महाप्रस्थानापर्यंत संहितेला धरून चालतात. ती कोसळल्यावर भीम मागे वळून तिच्याजवळ येतो हा प्रसंग मात्र त्यांनी स्वतः कल्पिला आहे, आणि येथून पुढचे आपले, महाभारतातले नव्हे, हे त्यांनी वाचकाला तेथेच बजावले आहे.

पुनर्लेखकाला मूळ कथा बदलण्याचा अधिकार आहे, आणि तो या साठ वर्षांत प्रत्येकाने वापरला. परंतु आपण मूळ कोठे सोडले याची खूण वाचनाच्या ओघातच ठेवण्याची जी शिस्त ‘युगान्त’मध्ये दिसते, ती कादंबरीच्या स्वभावात बसत नाही. त्यामुळे मराठी वाचकांच्या मनातला कर्ण बराचसा सावंतांचा आहे आणि कच खांडेकरांचा. या कृतींची थोरवी त्याने उणावत नाही, पण त्यांनी काय घडवले हे जोखायचे असेल तर आदिपर्व आणि विराटपर्व शेजारी उघडे ठेवूनच त्या वाचल्या पाहिजेत.