अमेरिकेत गांजा औषध, तरी गुन्हा कसा?



‘अमेरिकेत गांजा औषध म्हणून मिळतो’ असा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. हे खरं का, असं गटाच्या बैठकीत विचारलं जातं. बऱ्याच राज्यांत मिळतो, हे खरं आहे. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 1970 च्या कायद्याने गांजाला हेरॉईनच्याच यादीत घातलं. औषधी उपयोग मान्य नसलेल्या पदार्थांची ती यादी.

1996 साली कॅलिफोर्निया राज्यात लोकांनी थेट मतदान करून कायदा केला, की कॅन्सर, एड्स, जुनाट दुखणं अशा आजारांत डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा घेता येईल. शिफारस बरं का, औषधाची चिठ्ठी नव्हे! चिठ्ठी लिहिली तर केंद्राचा कायदा मोडतो. तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने तर शिफारस करणाऱ्या डॉक्टरांवरही कारवाईची धमकी दिली होती.

2002 मध्ये तिथे एका बाईच्या घरी तपासणी झाली. पाठीच्या दुखण्यासाठी तिने सहा रोपं लावली होती. स्थानिक पोलीस म्हणाले, राज्याच्या कायद्यात हे बसतं. केंद्राचे अधिकारी ऐकेनात. तीन तास वाद चालला आणि शेवटी रोपं नष्ट केली गेली. ही बाई आणि तिच्यासारखीच दुसरी एक आजारी बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. विक्री नाही, व्यापार नाही, आमच्या दुखण्यापुरतं घेतो, एवढंच त्यांचं म्हणणं. 2005 साली सहा विरुद्ध तीन मतांनी त्या हरल्या.

न्यायालयाने आधार घेतला 1942 च्या एका गव्हाच्या खटल्याचा. एका शेतकऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गहू पेरला होता. घरी वापरायलाच पेरला, असं तो म्हणाला. त्यावर उत्तर मिळालं, घरी पिकवलास म्हणून तेवढा बाजारातून घेतला नाहीस, म्हणजे देशाच्या बाजारावर परिणाम झालाच. शेतीत राबणाऱ्या आपल्याला हे ऐकून नवल वाटेल, पण या तर्काने केंद्राचा हात परसातल्या रोपापर्यंत पोचला.

मग पुढाऱ्यांनी काय केलं? ओबामांच्या सरकारने 2009 मध्ये सरकारी वकिलांना पत्र पाठवलं, की राज्याचा कायदा पाळणाऱ्या रुग्णांच्या मागे लागू नका. तरी धाडी थांबल्या नाहीत. 2013 मध्ये दुसरं पत्र निघालं. 2018 च्या जानेवारीत ट्रम्प सरकारच्या जेफ सेशन्स यांनी ती पत्रं रद्द केली. एका सहीने आलेली सवलत दुसऱ्या सहीने गेली.

टिकलं ते वेगळंच. रिपब्लिकन पक्षाचे रोहराबाकर आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम फार या विरोधी पक्षांतल्या दोघांनी मिळून खर्चाच्या विधेयकात एक अट घालून घेतली: राज्यांचे औषधी गांजाचे कायदे अडवायला न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. पहिलं मतदान 2003 चं, यश आलं 2014 अखेर. मला यातला चिवटपणा भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. पण ही अटही खर्चाच्या विधेयकाबरोबर पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते. शिवाय ती फक्त न्याय खात्यावर आहे. केंद्राच्या अनुदानातल्या घरात राहणाऱ्या रुग्णावर, हातात डॉक्टरांचा कागद असला तरी, घर सोडायची वेळ येऊ शकते.

आता आपल्याकडचं. इथे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा केंद्राचा आहे आणि तो सगळ्या राज्यांना लागू आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे. परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या ओळीत लपवलेली झाडंही यातच आली. व्हिडिओ दाखवून सुटका होत नाही.

घरात कॅन्सरचं माणूस वेदनेने तळमळत असेल, तर डॉक्टरांना मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दल विचारा. त्यासाठी पूर्वी राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने लागायचे आणि रुग्णालयं ते झंझट टाळायची. 2014 साली संसदेने कायदा बदलून देशभर एकच नियम केला. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कायद्याने मिळते.