चव्वेचाळीस नंबर आणि बाकावरचा ‘हिंदू’

23 ऑक्टोबर 1937. बाल्टिमोरच्या मैदानावर सिरॅक्यूज विद्यापीठाचा संघ मेरिलँड विद्यापीठाविरुद्ध उतरला, पण त्यांचा सगळ्यांत भरवशाचा गडी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बाकावर बसून होता. त्याला दुखापत नव्हती, कसली शिक्षाही नव्हती. त्याचं नाव विल्मेथ सिदात-सिंग. आडनाव बघून वर्तमानपत्रं त्याला ‘हिंदू’ म्हणायची आणि विद्यापीठानेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. काढलं असतं तर कितीतरी सामन्यांत त्याला मैदानाबाहेरच ठेवावं लागलं असतं.

विल्मेथचा भारताशी संबंध आडनावापुरताच. त्याचे आईवडील दोघंही कृष्णवर्णीय अमेरिकन. वडील लवकर वारले, आईने भारतीय वंशाच्या डॉ. सॅम्युअल सिदात-सिंग यांच्याशी लग्न केलं आणि मुलाला नवं आडनाव मिळालं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला हा पोरगा 1935 साली सिरॅक्यूजला आला तो बास्केटबॉलसाठी. कॉलेजातल्या मुलामुलांच्या सामन्यात त्याला चेंडू फेकताना फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षक रॉय सिमन्स यांनी पाहिलं आणि ते त्याच्या मागेच लागले.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. दोन्ही टोकं निमुळती असलेला चेंडू कुशीत घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा, आणि समोरचे अकरा जण अंगावर येत असताना शेवटची रेषा गाठायची. रेषा गाठली की टचडाउन, सहा गुण. वर खांबांमधून चेंडू मारला की आणखी एक. खेळ धसमुसळा, पण अमेरिकेत शनिवारी या सामन्यांपायी गावंच्या गावं रिकामी होतात.

मेरिलँडच्या सामन्याआधी सॅम लेसी या पत्रकाराने छापून टाकलं, की सिरॅक्यूजचा हा ‘हिंदू’ हिंदू नाही, निग्रो आहे. लेसी स्वतः कृष्णवर्णीय. पोराचं बिंग फोडण्यात त्यांना आनंद नव्हता. खेळायचं तर आपल्या खऱ्या ओळखीने खेळावं, उसन्या नावाआड नको, हा त्यांचा आग्रह. तो तत्त्वाने बरोबर होता, किंमत मात्र विल्मेथने मोजली. मेरिलँडने हरकत घेतली, सिरॅक्यूजने मान तुकवली, विल्मेथ बाकावर बसला आणि सिरॅक्यूज 13-0 हरलं. पुढच्या वर्षी मेरिलँडचा संघ सिरॅक्यूजला आला. विल्मेथ खेळला. निकाल 53-0.

त्याच 1938 च्या मोसमात कॉर्नेलविरुद्ध त्याने अवघ्या नऊ मिनिटांत टचडाउनचे तीन पास फेकले आणि हातचा गेलेला सामना 19-17 असा ओढून आणला. पण व्यावसायिक फुटबॉलची दारं तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती. मग तो बास्केटबॉल खेळला आणि युद्धात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांत सामील झाला. 9 मे 1943 रोजी मिशिगनमध्ये सरावाच्या उड्डाणात इंजिन बंद पडलं आणि हवाई छत्री घेऊन तो ह्युरॉन सरोवरात पडला. प्रेत काही आठवड्यांनी सापडलं. वय 25.

सिरॅक्यूजचा फुटबॉल म्हटलं की आज मात्र सगळ्यांत आधी आठवतो तो जर्सीवरचा 44 हा आकडा. त्याला वजन आणलं जिम ब्राउनने. तो 1953 साली आला तेव्हा त्याच्याकडे शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती. लाँग आयलंडवरच्या मॅनहॅसेट गावचे वकील केनेथ मोलॉय यांनी गावकऱ्यांकडून वर्गणी काढून त्याचा खर्च भागवला, आणि पोराचा समज असा, की आपल्याला विद्यापीठाची शिष्यवृत्ती आहे! सुरुवातीला प्रशिक्षकांनी त्याला मागच्या फळीतही मागे टाकलं. वैतागून तो निघायच्या बेतात होता.

तो थांबला, आणि 1956 साली कोलगेटविरुद्ध त्याने एकट्याने 43 गुण केले: सहा टचडाउन, शिवाय पायाने मारलेले सात गुण. सिरॅक्यूज 61-7 जिंकलं. त्या वर्षी हाइजमन करंडकाच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या मतदानात मात्र तो पाचवा. करंडक गेला नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगकडे, ज्याचा संघ त्या मोसमात दहापैकी आठ सामने हरला होता. या निकालात कातडीचा रंग कुठेच नव्हता, असं मानायला फार भोळं असावं लागेल.

ब्राउन लॅक्रॉसमध्येही, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळातही, देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी. मे 1957 मध्ये एकाच दिवशी त्याने आधी उंच उडी आणि थाळीफेक जिंकली आणि मग लॅक्रॉसचा पोशाख चढवून लष्करी अकादमीच्या संघाला हरवायला हातभार लावला. पुढे क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाकडून नऊ मोसमांत एकही सामना न चुकवता 12,312 यार्ड धावला आणि ऐन तिशीत, सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना, खेळ सोडला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी तो ठामपणे उभा राहिला. स्त्रियांवरच्या हिंसाचाराचे आरोपही त्याच्यावर वारंवार झाले. त्याची आठवण काढताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

त्यानंतरचा मोठा 44 नंबर एर्नी डेव्हिस. एल्मायरा गावचा, लहानपणी बोलताना अडखळणारा, मैदानावर मात्र ‘एल्मायरा एक्स्प्रेस’. या पोराला सिरॅक्यूजला आणण्यात ब्राउनच्या शब्दाचा वाटा होता. एर्नीने पहिल्याच मोसमात, 1959 मध्ये, संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. सिरॅक्यूजचं हे आजवरचं एकमेव. 1 जानेवारी 1960 रोजी डॅलसला कॉटन बोल हा मोसमाअखेरचा सामना टेक्सासविरुद्ध नुकताच सुरू झाला होता. एर्नीच्या मांडीचा स्नायू आधीच दुखावलेला. जेर श्वेडिसने लांबवर पास टाकला, एर्नीने तो झेलला आणि सुटला. एकूण 87 यार्ड. सामना 23-14 असा जिंकला, सर्वोत्तम खेळाडू तोच. मग संध्याकाळच्या समारंभाचा निरोप आला: बक्षीस घ्यायचं आणि निघायचं, जेवायला थांबायचं नाही. पंगत फक्त गोऱ्यांची होती.

एर्नीवर 2008 साली ‘द एक्स्प्रेस’ हा सिनेमा निघाला. त्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मैदानावर प्रेक्षक त्याच्यावर भयंकर तुटून पडतात. प्रत्यक्षात 1959 चा तो सामना सिरॅक्यूजच्या घरच्या मैदानावर झाला होता. डॅलसची ती पंगत हाताशी असताना काल्पनिक खलनायक का लागावेत, कळत नाही.

तीन मोसमांत एर्नी 2,386 यार्ड धावला. ब्राउनचे 2,091 होते. 1961 साली हाइजमन करंडक जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. करंडक प्रदान झाला त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी न्यूयॉर्कमध्येच होते, त्यांनी त्याला भेटायला बोलावलं. पाठोपाठ व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत वॉशिंग्टनच्या संघाने त्याला सर्वांत पहिला निवडला. गोऱ्यांखेरीज कुणालाही न घेणारा व्यावसायिक फुटबॉलमधला हा अखेरचा संघ. तोही सरकारने दट्ट्या दिल्यावर वाकला, कारण त्यांचं मैदान सरकारी जमिनीवर होतं. लगेच अदलाबदल होऊन एर्नी क्लीव्हलँडला, ब्राउनच्या संघात गेला. दोन ‘चव्वेचाळीस’ एकाच संघात येणार होते.

1962 च्या उन्हाळ्यात त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. क्लीव्हलँडच्या स्टेडियमवर एका रात्री त्याची नुसती ओळख करून देण्यात आली. प्रकाशझोत त्याच्यावर धरलेला, तो धावत मैदानात आला, हजारो लोक उठून उभे राहिले. व्यावसायिक संघाबरोबर मैदानात जाणं त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच. 18 मे 1963 रोजी तो गेला. वय 23. एल्मायराच्या ज्या वुडलॉन दफनभूमीत मार्क ट्वेन आहे, तिथेच एर्नीही आहे. ब्राउन त्यानंतर पुष्कळ जगला आणि 2023 मध्ये वारला. तारीख 18 मे.

आजारपणातच एर्नी न्यू हेवनला फ्लॉइड लिटल नावाच्या पोराला भेटून, त्याच्याबरोबर जेवून आला होता. लिटलमागे लष्करी अकादमीही लागली होती. त्याचं मन डळमळत असताना एर्नी गेल्याची बातमी आली. त्याने फोन उचलला आणि प्रशिक्षक बेन श्वार्टझवॉल्डर यांना सांगितलं, मी येतोय. 1964 मध्ये कॅन्ससविरुद्ध त्याने पाच टचडाउन केले. पुढे डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाकडूनही तो 44 नंबर घालूनच खेळला.

हे श्वार्टझवॉल्डर युद्धात छत्रीधारी सैनिक होते, नॉर्मंडीत उतरलेले. त्यांनी ब्राउन घडवला, एर्नी घडवला. आणि 1970 साली त्यांच्याच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. मागण्या साध्या होत्या: नीट वैद्यकीय उपचार, अभ्यासाला मदत, प्रशिक्षकांत एक तरी कृष्णवर्णीय, आणि संघनिवडीत समान न्याय. ज्या विद्यापीठाची कीर्ती तीन कृष्णवर्णीय खेळाडूंनी उभी केली, तिथे हे मागावं लागत होतं. बहिष्कार टाकणारे नऊ जण होते. वर्तमानपत्रांनी मोजण्यात चूक केली आणि ‘सिरॅक्यूज एट’ हेच नाव पडलं. त्यांचा मोसम गेला तो गेलाच. संघाची अक्षरं असलेली जाकिटं त्यांना 2006 मध्ये, विद्यापीठाच्या पदकासह, मिळाली. तोवर ही मंडळी पन्नाशी ओलांडून गेली होती.

2017 मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने सचिनचा 10 नंबर घातला तेव्हा चाहत्यांनी किती गदारोळ केला, ते आठवलं की आकड्यावरचा जीव समजतो. सिरॅक्यूजने 44 नंबर नोव्हेंबर 2005 मध्ये निवृत्त केला. विद्यापीठाचा पिन कोडसुद्धा 13244 आहे.

त्याच 2005 साली सिदात-सिंगची बास्केटबॉलची जर्सी छताला टांगली गेली. त्याला जाऊन तेव्हा 62 वर्षं होत आली होती. फुटबॉलचा हिशेब आणखी रेंगाळला. 9 नोव्हेंबर 2013 रोजी सिरॅक्यूजचा संघ मेरिलँडला गेला, तेव्हा यजमान विद्यापीठाने 1937 च्या त्या दुपारबद्दल विल्मेथच्या नातेवाइकांची जाहीर माफी मागितली. मग सामना झाला. सिरॅक्यूजने तो 20-3 असा जिंकला.