महागडी तार, साधी तार आणि आपला कान

गणेशोत्सव असो, पोळा असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, ध्वनिवर्धकावाचून आता कोणताच समारंभ पार पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावीही मंडपावर कर्णे चढतात आणि घरोघरी गाणी ऐकण्याची साधने असतात. असा एखादा उत्तम संच घेण्यासाठी शहरातल्या मोठ्या दुकानात गेलात, तर विक्रेता हमखास म्हणेल, "संच चांगला निवडलात, पण तार साधी लावाल तर पैसे पाण्यात! ही खास तार घ्या आणि आवाज कसा खुलतो ते पाहा." साध्या तांब्याच्या तारेचे काम काही शे रुपयांत भागते. खास तारेसाठी मात्र मीटरमागे कित्येक हजार रुपये मागितले जातात.

विक्रेता म्हणतो ते खरे का? प्रश्न केवळ हौसेचा नाही. प्रयोगशाळेसाठी जेमतेम चार पैसे मिळणाऱ्या शाळेने ध्वनिसंच घेताना असा खर्च करावा की करू नये, हे कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर विचार करून ठरवता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र बहुतांशी शालेय पुस्तकांतच आहे.

तारेचे काम

विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर. त्यातून निघणारी विद्युतधारा आवाजाच्या कंपनांप्रमाणे कमीजास्त होते. ती ध्वनिवर्धकाच्या वेटोळ्यात पोहोचली, की चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला पडदा हवा हलवतो. तारेने एवढेच करायचे, की ही धारा जशी निघाली तशी पोहोचवायची. तारेला स्वतःचा रोध असतो, म्हणून वाटेत थोडी हानी होते. ती किती, ते पाहू.

विवर्धकापासून ध्वनिवर्धक ५ मीटर दूर आहे असे समजा. जायची व यायची मिळून तार १० मीटर झाली. तिचा छेद ०.७५ चौरस मिलिमीटर आहे. तांब्याची रोधकता सुमारे १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर. रोधकतेला लांबीने गुणून छेदाने भागले, की तारेचा रोध येतो सुमारे ०.२३ ओहम. ध्वनिवर्धक ८ ओहमचा असेल, तर विभवांतरापैकी ९७ टक्क्यांहून अधिक त्याच्यापर्यंत पोहोचते. आवाजाच्या भाषेत ही घट पाव डेसिबेलची आहे. तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट ०.०७ डेसिबेलवर येते. आवाजाच्या पातळीतला सुमारे एक डेसिबेलचा फरक सामान्य माणसाला जेमतेम जाणवतो. आता तुम्हीच ठरवा!

चांदी आणि शुद्ध तांबे

"आमच्या तारेत चांदी आहे," असा दुसरा दावा असतो. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे हे खरे, पण तिचा रोध फक्त पाच-सहा टक्क्यांनी कमी भरतो. तांब्याची तार किंचित जाड घेतली, की तोच लाभ मिळतो. शिवाय ध्वनिवर्धकाच्या आत वेटोळ्याची जी बारीक तार असते, तिचा रोध साधारण ६ ओहम असतो. धारेला शेवटी त्या बारीक तारेतून जायचेच आहे. त्याआधीची चार पावले चांदीवरून चालून तिला काय मिळणार?

उच्च कंप्रतेची धारा तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहू लागते, याला त्वचा-परिणाम म्हणतात. विक्रेते त्याचाही धाक घालतात. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्‌झ. या कंप्रतेला तांब्यात धारा जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल शिरते आणि १ चौरस मिलिमीटर तारेची त्रिज्याच ०.५६ मिलिमीटर आहे! म्हणजे जवळजवळ सगळी तार कामाला येते.

तार कधी महत्त्वाची ठरते?

मग तारेचे काहीच महत्त्व नाही का? आहे, पण लांबी वाढली की. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल पडली. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले! हजारो किलोमीटरची केबल एखाद्या प्रचंड संधारित्रासारखी वागते. ती भारित व्हायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. पुढे तिला सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला गेला आणि काही आठवड्यांतच ती मुकी झाली. जाड आणि शुद्ध तांबे वापरा, असे विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन सांगत होते. बाजारातल्या तांब्याची वाहकता नमुन्यागणिक फार बदलते, हे त्यांनी १८५७ मध्ये मोजून दाखवले होते. १८६६ च्या यशस्वी केबलीत तांबे जवळजवळ तिप्पट होते. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली, ती याच अनुभवाच्या बळावर. शुद्ध तांब्याचा आग्रह त्या काळी योग्य होता. आज विजेच्या साध्या तारेतील तांबेही विद्युत्-विश्लेषणाने शुद्ध केलेले असते.

गावच्या मंडपातही लांबीचा प्रश्न येतो. कर्णा १०० मीटर दूर असेल, तर २०० मीटर तारेचा रोध ४.६ ओहम होतो. ८ ओहमच्या कर्ण्याला अशी तार जोडली, तर शंभरातली ३६ भाग शक्ती तार तापवण्यातच जाते. येथे जाड तार घ्यावी किंवा १०० व्होल्टची पद्धत वापरावी. रोहित्राने दाब वाढवला, की ३० वॉट पाठवायला ०.३ अँपिअर धारा पुरते आणि हानी अर्ध्या वॉटहूनही कमी होते. मुकुटबनच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर वीज ५ लाख व्होल्टच्या दाबाने जाते, तीही याच कारणाने.

आणखी दोन ठिकाणी जपावे लागते. ध्वनिग्राहकाच्या म्हणजे माइकच्या तारेत संकेत अतिशय क्षीण असतो. तिला धातूच्या जाळीचे आवरण नसेल, तर विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरते. दुसरे म्हणजे सांधे. सैल किंवा गंजलेला सांधा उत्तम तारेलाही निकामी करतो. चिमूटभर काळजी येथे हजारो रुपयांचे काम करते.

कान फसतो कसा?

तरीही "मला फरक स्पष्ट ऐकू येतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नसतात. महाग वस्तू चांगलीच असणार ही अपेक्षा ऐकण्यात मिसळते. शिवाय आवाज किंचित मोठा असला, की तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी यांनी, महागडी तार केवळ ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी प्रत्यक्षात झालीच नाही. न झालेल्या चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून ती आपणच करावी.

चाचणी अशी करा

एकाच लांबीच्या दोन तारा घ्या, एक साधी आणि एक महाग किंवा जाड. खंजिरी भजनाचे एखादे ध्वनिमुद्रण निवडा. खंजिरीच्या झांजांत उच्च कंप्रता भरपूर असतात. एका मित्राने पडद्याआड बसून नाणे उडवावे. छाप पडली तर पहिली तार, काटा पडला तर दुसरी. तार बदलताना विवर्धक प्रत्येक वेळी बंद करावा, तारांची टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत आणि आवाजाची कळ हलवू नये. ऐकणाऱ्याने कोणती तार ते कागदावर लिहावे. असे दहा वेळा करा. उत्तरे शेवटीच ताडून पाहा.

नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच उत्तरे बरोबर येणे स्वाभाविक आहे. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात सुमारे एक. तसे घडले, तर प्रयोग पुन्हा करा. पुन्हाही तेच आले, तर फरक खरा आहे हे मान्य करून त्याचे कारण शोधा. घटकाचाचणीतील गुणांप्रमाणे येथे कमी गुण पडले तर वाईट वाटून घेऊ नका. पाच गुण मिळाले तरी तुमच्या शाळेचे काही हजार रुपये वाचतील, आणि त्यांतून प्रयोगशाळेसाठी एक चांगला बहुमापक घेता येईल.