सायबर विमा, लहान उद्योग आणि प्रस्तावपत्रातील कथने

सामान्य खरेदी-विक्रीत मालाची पारख करण्याची जबाबदारी ग्राहकावर असते. विम्याच्या करारात मात्र जोखमीची खरी माहिती बहुधा एकट्या विमेदारापाशीच असते, आणि ती त्याने आपण होऊन उघड करावी, अशी कायद्याची अपेक्षा असते. यालाच परम सद्भावाचे तत्त्व असे म्हणतात. भारतातही विम्याचा करार याच तत्त्वावर उभा आहे. हे तत्त्व जुने असले, तरी सायबर विम्याच्या प्रसारामुळे लहान उद्योजकाच्या दृष्टीने त्याला नवे महत्त्व आले आहे.

सायबर विम्याचे संरक्षण स्थूलमानाने द्विविध असते. संगणकातील माहिती पूर्ववत करण्याचा खर्च, धंदा बंद पडल्याने बुडालेले उत्पन्न, तज्ज्ञांचे शुल्क ही विमेदाराची स्वतःची हानी होय. ग्राहकांची माहिती फुटल्याने त्यांच्याकडून येणारे दावे हा दुसरा भाग होय. मोठ्या कंपनीला असा आघात एखादे वेळी पचविता येतो. लहान कारखानदाराचा हिशेब, मागण्या आणि येणी एकाच संगणकात असल्यास चार आठवड्यांचा खंडही त्याच्या मुळावर येऊ शकतो.

परम सद्भावाच्या तत्त्वाची प्रसिद्ध मांडणी १७६६ साली ‘कार्टर विरुद्ध बोहेम’ या इंग्रजी खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी केली. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरोचे गव्हर्नर कार्टर यांनी, किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरविला होता. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ल्याची दुर्बलता लपविण्यात आली, असा विमाकाराचा आक्षेप होता. तथापि निकाल कार्टर यांच्या बाजूने लागला. ज्याने चौकशी करणे शक्य असूनही न करता जोखीम पत्करली, त्याला मागाहून अज्ञानाची सबब सांगता येत नाही, असा या निकालाचा इत्यर्थ आहे. सद्भावाचे बंधन दोन्ही पक्षांवर सारखेच आहे.

आजची विमा कंपनी मौन पाळत नाही. ती विस्तृत प्रश्नावली पुढे ठेवते. परिणामी वादाचे केंद्र मौनाकडून उत्तराकडे सरकले आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या इलेक्ट्रॉनिक उत्पादने बनविणाऱ्या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. संगणकात प्रवेश देताना परवलीच्या शब्दाखेरीज ओळखीचा दुसरा पुरावाही मागितला जातो, असे तिने ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीला लेखी कळविले होते. मे २०२२ मध्ये तिच्यावर खंडणीखोर आज्ञावलीचा, म्हणजे रॅन्समवेअरचा, हल्ला झाला. दुसऱ्या पुराव्याची व्यवस्था केवळ फायरवॉलपुरती होती, सर्व्हरला ती नव्हतीच, असे प्रतिपादन करून विमा कंपनीने जुलैमध्ये न्यायालयात धाव घेतली. ऑगस्टमध्ये उभयपक्षी संमतीने विमापत्र आरंभापासूनच रद्दबातल ठरविण्यात आले. म्हणजे प्रश्न केवळ एका दाव्याचा राहिला नाही. संपूर्ण संरक्षणच नाहीसे झाले.

लहान उद्योजकाची अडचण येथेच आहे. त्याची संगणकव्यवस्था बहुधा बाहेरचा तंत्रज्ञ पाहतो, अर्ज पुष्कळदा मध्यस्थ भरतो, आणि सही मात्र मालकाची असते. अंशतः खऱ्या असलेल्या गोष्टीपुढे ‘होय’ असे लिहिण्यात त्याला कपट वाटत नाही. हप्ता कमी व्हावा एवढाच हेतू असतो. परंतु प्रामाणिकपणे ‘काही ठिकाणी’ असे लिहिल्यास फार तर हप्ता वाढेल किंवा विमा नाकारला जाईल, आणि उणीव तरी वेळीच कळेल. चुकीच्या उत्तराने मात्र विमापत्र हाती असूनही जोखीम आपल्याच शिरावर राहते, आणि ते कळते हानी झाल्यावर.

तेव्हा प्रस्तावपत्रातील प्रत्येक उत्तर सही करण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून लेखी पडताळून घेणे, आणि व्यवस्थेत बदल झाल्यास विमापत्राच्या अटींनुसार तो कळविणे, हे लहान उद्योजकाचे पहिले कर्तव्य ठरते. त्याचबरोबर, संदिग्ध प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणाऱ्या विमा कंपनीनेही मॅन्सफील्ड यांनी घातलेले बंधन विसरता कामा नये. जो स्पष्ट विचारीत नाही, त्याला अस्पष्ट उत्तराचा लाभ घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.